तात्या, तिसऱ्या बल्बाला व्होल्टेज पडत होतं

तात्या, भर दुपारी बल्ब लावला की तो लागलाय हे लवकर कळत नाही. उन्हात त्याचा उजेड विरघळून जातो. तुम्ही म्हणायचात, "डोळ्यावर कावून इसंबतीस, हात धर जवळ." मी हात धरायचे. तळव्याला ऊब लागायची आणि मग तो लागलेला दिसायचा. तुम्ही गेल्यापासून मला सगळं याच क्रमानं कळतंय. डेअरीच्या पायरीवर तुमची चप्पल वाजलेली आधी ऐकू येते, आणि तुम्ही नाही आहात हे मागून, सावकाश कळतं.

कसं लिहायचं मला नीट माहीत नाही. आमच्या घरात कोणी गेलं तर रडतात, जेवण घालतात, आणि आठ दिवसांनी पुन्हा कामाला लागतात. लिहून ठेवायची पद्धत नाही. म्हणून जे सांगायचं होतं ते आधी वर नावातच लिहून टाकलं. नाहीतर पानं भरतील आणि ते वाक्य राहूनच जाईल, तुमच्यासमोर राहिलं तसं.

तुम्ही आमच्या भावकीतले नव्हतात. गावच्या दूध संस्थेत दूध तपासायचात, एवढंच आमचं नातं. आई-दादा दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे आणि मी मोठ्या आईकडे राहायचे. आमच्या एका गायीचं दूध मीच डेअरीला आणायचे. रांगेत उभं राहून मी तुम्हाला ऐकत मोठी झाले. बघत म्हणत नाही, कारण पुढच्या बायकांच्या पाठीशिवाय मला काही दिसायचंच नाही. फक्त आकडे ऐकू यायचे. काचेची नळी दुधात सोडायची, ती तरंगून थांबायची, आणि दुधाच्या रेषेवरचा आकडा तुम्ही वरच्या पट्टीत सांगायचात. "एकोणतीस." "तीस." "सत्तावीस, धुतलेल्या कॅनीत पाणी ऱ्हायलं का बघ." त्या आकड्याला सगळे डिग्री म्हणायचे. दुधात पाणी असलं की नळी खोल जायची आणि डिग्री उतरायची.

आकडा पावतीवर लिहायचा हा संस्थेचा नियम होता. तो मोठ्यानं सांगायचा हा तुमचा नियम. लोकांना तो आवडायचा नाही. एकदा चेअरमन तुम्हाला म्हणाले होते, "तात्या, गपचिप लिवून देत जा की. मानसाला चारचौघांत लाज वाटती." तुम्ही नळी पुसत म्हणालात, "गपचिप सांगितलेलं माप कुनाच्या बी कामाचं न्हाई. खरं असलं तरी लोक म्हनतेत, कायतरी दडवलं."

आणि मग तो दिवस. रांगेत काकू होत्या, तुमच्याच घरची कॅन घेऊन. नळी खाली खाली गेली. तुम्ही थोडं थांबलात. तुम्ही म्हणालात, "चोवीस."

काकू म्हणाल्या, "घरी या. तुमाला दावते चोवीस."

अख्खी रांग हसली. तुम्ही पण हसलात, पण चोवीसच लिहिलं. नंतर कळलं की कॅन विसळून तशीच भरली होती. दोन दिवस काकूंनी तुमच्या ताटात ताक वाढलं नाही म्हणे. हे तुम्हीच सांगायचात, दरवेळी थोडं वाढवून.

दुष्काळातल्या चारा छावणीचं वर्ष मला आता स्वप्नात बघितल्यासारखं आठवतं. सगळ्या गावाची जनावरं एकाच माळावर, हिरव्या जाळीच्या सावलीत, ओळीनं बांधलेली. वारा आला की जाळी फुगायची आणि गायींच्या पाठीवरून सावलीचे चौकोन पळायचे. धूळ एवढी बारीक की उन्हात ती उभी राहायची, बसायचीच नाही. छावणी संस्थेनं चालवायला घेतली होती आणि मापाला तुम्हीच होतात. चाऱ्याला मोठा काटा, आणि पेंडीला तो लहान ताणकाटा, वर कडी आणि खाली हूक असलेला. चारा म्हणजे बहुतेक ऊसच यायचा. मला वाटायचं, हा तिकडं आई-दादांनीच तोडलेला असेल आणि फिरत फिरत आमच्याच गायीपुढं आला असेल. मी एक टिपरी हातात घेऊन कापलेली बाजू बघायचे. आईचा कोयता तिरका चालतो. असं काही ओळखता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी बघायचे.

एके दिवशी वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, गाडी आली आणि तुम्ही ती मापायलाच तयार होईनात. एक पेंढी उचललीत, झटकलीत, पानांतून पाण्याचे थेंब माझ्या पायावर पडले. गाडीवाला म्हणाला, "सकाळचं दव हाय, तात्या." तुम्ही आभाळाकडं बघितलंत. त्या वर्षी दव कुठलं. तुम्ही हळूच म्हणालात, आणि तुम्ही हळू बोललेलं मी क्वचित ऐकलं आहे, "हितं मानसाला प्यायला टँकरची वाट बघावं लागती आन् तुमी वजनाला पाणी पाजता व्हय." मग गाडी उन्हात तशीच उभी करायला लावलीत, दुपार टळेपर्यंत. वाळल्यावर मापली. आकडा सगळ्या माळाला सांगितलात.

त्या दिवशी घरी जाताना तुम्ही मला एक गोष्ट सांगितली होती. वजन खोटं बोलत नाही, वजनात काय घातलंय ते खोटं बोलतं. ती मी लक्षात ठेवली. पण वापरायची वेळ आली तेव्हा ती मला आठवली नाही, तात्या.

छावणी उठली. पुष्कळ दावणी मोकळ्याच राहिल्या. संस्थेत दोन कॅनीच दूध यायला लागलं आणि तेवढ्याला वही पुरायला लागली. चांगल्या दिवसांत आणलेला कॉम्प्युटर कोपऱ्यात कापडाखाली गेला. एकदा लाईट झटक्यानं आली आणि त्यातला एसएमपीएस जळाला, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणारा तो पंख्याचा पत्र्याचा डबा. वास तीन दिवस खोलीत होता. मला बीडच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही बैठकीत म्हणालात की धूळ खात पडलाय तो पोरीला द्या. चेअरमन म्हणाले, "द्या की. पर बंद हाय त्यो." तुम्ही म्हणालात, "सप्लाय आमी बघतो." आमी म्हणजे तुम्ही आणि मी. घरातलं कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, मला कोणाला काय विचारायचं कळायचं नाही, आणि तुम्ही एका शब्दात ते काम दोघांचं करून टाकलंत.

मग मी वाचायला बसले. स्वस्तातला एसएमपीएस कसा पारखायचा ते मोबाईलवर जेवढं मिळालं तेवढं वाचलं. एक गोष्ट फार आवडली. डब्यावर वॅट काहीही लिहितात, पण आत तांब्याची मोठी गुंडाळी आणि ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या असतील तर तो जड लागतो, म्हणून आधी हातात घेऊन बघावा. मी पळत तुमच्याकडं आले. "तात्या, वजनावरून कळतं." तुमचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा धुरकट, आणि दोन्ही डोळे असे उजळले. माझ्या शिक्षणातली एक गोष्ट तुमच्या हातातली निघाली होती. "म्हंजी काटा लागतो म्हन की त्येला बी," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी वडवणीहून बीडच्या एसटीत तुमच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत पेंडीचा ताणकाटा. खिडकीतून तापलेली शेतं मागं जात होती. तुम्ही सारखा पिशवीवर हात ठेवत होतात, आत कोंबडी असावी तसा.

दुकान बसस्टँडच्या मागं, एका गाळ्यात होतं. दुकानदारानं तीन खोकी पुढं ठेवली. तिन्हींवर साडेचारशे वॅट. तुम्ही पिशवीतून काटा काढलात, रुमालाची झोळी केलीत आणि पहिला डबा टांगलात.

"काका, हे काय काढलं?"

"काटा हाय. वळखत न्हाईस का?"

"हितं भाजी मिळत न्हाई, काका."

"म्हनून तर मापतो. भाजी डोळ्यानं कळती."

मी लाजेनं भिंतीकडं बघत होते. कॉलेजातलं कोणी दुकानात येऊ नये एवढंच मनात होतं. आकडा वाचायला तुम्ही मलाच लावलंत. पहिला सातशे ग्रॅमच्या जवळ, दुसराही तेवढाच, तिसरा किलोच्या वर. तुम्ही तिन्ही आकडे दुकानभर ऐकू जातील असे सांगितलेत.

"तिन्हीवर साडेचारशेच कावून लिवलंय?"

"तिन्ही साडेचारशेचेच हायत."

"मग ह्यो येकलाच जड कसा?"

"कंपनी वेगळी, काका. माल भरलेला हाय त्यात."

तुम्ही तिसरा डबा दोन्ही हातांवर घेऊन तोललात. मग म्हणालात, "उघडून दाव."

"सील तोडलं की वॉरंटी गेली. मग मी न्हाई घेनार परत."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. एवढंच. मी विचारलेलं नव्हतं, सांगितलेलं नव्हतं, तुम्ही फक्त बघितलंत. आणि मी म्हणाले, "राहू द्या तात्या, वॉरंटी महत्त्वाची असते. वजन आहे ना." तुम्ही म्हणालात, "तू म्हनतीस तर." वाढ्याची पेंढी झटकल्याशिवाय न मापणारा माणूस माझ्या एका शब्दावर बंद डबा घेऊन निघाला.

मापायचं खरं काम गावात व्हायचं होतं. मी तुम्हाला समजावून सांगितलं होतं. डबा नुसता चालू केला तर कोणताही चांगलाच वाटतो. त्याच्यावर भार टाकून बघायचा. हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो, मग पिवळ्या आणि काळ्या वायरीवर बल्ब लावायचे, आणि प्रत्येक बल्बागणिक व्होल्टेज किती उतरतं ते बघायचं. बारा असायला पाहिजे. अकरा दशांश चारच्या खाली गेलं की नापास. तुम्ही हे एकदाच ऐकलंत आणि म्हणालात, "म्हंजी नळी किती खाली जाती ते बघायचं." मी कॉलेजात दोन वर्षांत याहून सोपं कोणाकडून ऐकलेलं नाही.

फाट्यावरच्या गॅरेजातून तुम्ही ट्रॅक्टरच्या हेडलाईटचे तीन बल्ब आणलेत. डेअरीच्या ओट्यावर, दुपारी, पत्र्याच्या कडेला आपण ते मांडले. मल्टिमीटर मी कॉलेजच्या मित्राचा आणला होता. पंखा फिरायला लागला. तो फार गोड आवाज होता, लांबून पाणी पडत असल्यासारखा. तेवढ्यात चेअरमन आणि दोघंजण सोसायटीतून येता येता थांबले.

"काय तात्या, ह्याच्यात बी पाणी निघतंय का?"

"बघू की," तुम्ही म्हणालात. "बसा. मोठ्यानंच सांगनार हाय."

मीटरवरचे आकडे तुम्हाला दिसत नव्हते. तुम्ही वही उघडून बसलात आणि मला म्हणालात, "सांग."

मी सांगितलं. "बारा दशांश एक." पहिला बल्ब लावला. "अकरा दशांश आठ." तुम्ही बल्बाजवळ हात धरलात. दुसरा लावला. "अकरा दशांश सहा." चेअरमन म्हणाले, "आरं वा." तुम्ही मान डोलावलीत, आणि दुकानापासून गावापर्यंत पोटाशी धरून आणलेला तो आनंद तुमच्या चेहऱ्यावर पसरायला लागला.

तिसरा लावला. पंख्याचा आवाज बसला. मीटरवर दहा दशांश सात.

मी मीटर माझ्याकडं वळवून धरला होता. ऊन एवढं होतं की तिन्ही बल्ब मंदावलेले कोणाला दिसले नाहीत. चेअरमनच्या ओठांवर हसू तयार होतं. आणि तुम्ही पेन धरून बसला होतात, माझ्याकडं कान करून. मी म्हणाले, "अकरा दशांश पाच."

"हळू कावून? मोठ्यानं सांग."

"अकरा दशांश पाच, तात्या."

तुम्ही लिहिलंत, मी वहीकडं बघितलं नाही. मग उठलात आणि तिसऱ्या बल्बाजवळ हात धरलात. मग पुन्हा पहिल्या बल्बापाशी नेलात आणि तिथं थोडा वेळ ठेवलात. तो हात मला रोज दिसतो. आता वाटतं, पहिल्या बल्बाची ऊब आधीपेक्षा कमी झाली हे तुमच्या हाताला कळलं असेल का? त्या वेळी मला तुमचा फक्त आनंद दिसला. चेअरमन म्हणाले, "मानलं बे तात्या, काटा तुझा अजून खरा हाय." आणि तुम्ही सगळ्यांना चहा सांगितलात.

खोटं का बोलले, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. त्या लोकांपुढं तुमचं माप खोटं ठरू नये, एवढंच होतं. ती तुमच्यावरची माया होती असं मी बरेच दिवस समजत होते. पण वजनावरून कळतं हे मीच सांगितलेलं, आणि उघडू नका हेही मीच. म्हणजे मी तुम्हाला झाकलं नाही, मला झाकलं.

बीडला खोलीवर मी चार स्क्रू काढले. वॉरंटीसाठी जपलेलं सील माझ्याच हातानं तोडलं. आत हिरव्या पट्टीवर कितीतरी जागा रिकाम्या होत्या, जिथं काही बसवायचं असतं आणि बसवलेलं नव्हतं. तांब्याची गुंडाळी सुपारीएवढी. आणि पत्र्याच्या तळाला आतून दोन स्क्रूंनी बसवलेली लोखंडाची एक पट्टी, जिचं तिथं वजन देण्याशिवाय काही काम नव्हतं. तेव्हा मला छावणीतली वाढ्यांची गाडी आठवली, माझ्या पायावर पडलेल्या थेंबांसह. मग झाकण लावून टाकलं. माझा जुना कॉम्प्युटर फार वीज मागत नाही. तो त्याच्यावर चालला, अजून चालतो. म्हणून सांगायची घाई वाटली नाही.

दिवाळीला आले तेव्हा तुम्ही खुशीत होतात. हायस्कुलातले जुने कॉम्प्युटर सप्लाय जळून बंद पडले होते, दहाच्या दहा, आणि हेडसर तुम्हाला विचारायला आले होते. "म्या सांगितलं, वैष्णीनं आनला तसलाच आना. मापून घेतलेला हाय."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी म्हणाले, "दुसरा बघा की तात्या. जरा चांगल्या कंपनीचा."

"कावून? तुझा चालतो न्हव?"

"चालतो."

"मग?"

"शाळेत दिवसभर चालणार. भार जास्त येईल."

"तीन बल्ब लावलं होतं की आपुन. अकरा पाच. खरं का खोटं?"

"खरं आहे, पण..."

"मापाला पण लागत न्हाई, वैष्णे. येक तर खरं असतंय, न्हाई तर खोटं. तू मधी तिसरं काय करायलीस?"

काकू आतून म्हणाल्या, "सनासुदीचं काय डोकं लावलंय त्या पोरीला." तुम्ही बशी खाली ठेवून बाहेर गेलात. दुसऱ्या दिवशी फाट्यापर्यंत माझी बॅग घेऊन आलात, एसटीत चढवलीत, आणि खिडकीखाली उभं राहून म्हणालात, "सुट्टीत ये. सावकाश मापू परत." मला वाटलं तुमचा राग गेला. मला वाटलं विषय संपला.

मग फोन आला. ते दिवस मी लिहीत नाही. काकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तो हात थंड होता, एवढंच आठवतं.

तेराव्यानंतर शाळेत सभा झाली. हेडसर तुमच्याबद्दल चांगलं बोलले. रांगेतल्या बायका चोवीसची गोष्ट आठवून रडता रडता हसल्या. शेवटी हेडसर म्हणाले, "सोमवारी मी बीडला जातोय. तात्यांनी मापून निवडलेला जो सप्लाय आहे तोच दहाही कॉम्प्युटरांना आणतो. त्यांची आठवण म्हणून." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथंच पोरींच्या मागं सतरंजीवर बसले होते. उठले नाही. उठले तर तुमच्या फोटोसमोर तुमचं माप मोडणार होते. नाही उठले तर तुमच्या नावानं दहा खोटे डबे शाळेत बसणार होते, आणि एकेक जळायला लागला की पोरं म्हणणार होती, हे तात्यानं निवडलेलं.

दोन दिवस मी तशीच फिरले. माळावर गेले, जिथं छावणी होती. आता तिथं काही नाही, जाळीचे दोन बांबू आहेत. ऊन हलत होतं, आणि त्या हलत्या उन्हात मला वाटलं की तुम्ही पाठमोरे उभे आहात आणि रिकामा काटा वर धरून बघताय, तो शून्यावर येतो का. माप सुरू करायच्या आधी तुम्ही रोज हेच करायचात.

शनिवारी बीडला जाऊन मी तो डबा काढून आणला. आज रविवारी, दुपारी, हेडसर, चेअरमन आणि काकूंना डेअरीवर बोलावलं. तेच तीन बल्ब गॅरेजवाल्यानं न विचारता दिले. पहिला आकडा सांगितला, दुसरा सांगितला. तिसऱ्याला पंखा बसला. मी मीटर त्यांच्याकडं फिरवला आणि म्हणाले, "दहा दशांश सात." पुन्हा म्हणाले, "दहा दशांश सात. त्या दिवशी पण हेच होतं. मी अकरा पाच सांगितलं."

मग स्क्रू काढून पट्टी दाखवली.

चेअरमन वाकून बघत म्हणाले, "म्हंजी तात्यालाच गंडवलं की बे कुनीतरी."

"तात्यांना मी गंडवलं," मी म्हणाले. "त्यांनी वजन बरोबर सांगितलं होतं. ते उघडा म्हणाले होते. मी उघडू दिलं नाही. त्यांना मीटर दिसत नव्हता, त्यांनी मला विचारलं, मी खोटं सांगितलं."

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तरीच. मी दिवाळीनंतर लगेच जाणार होतो बीडला. तेच म्हणाले, सर, थांबा. वैष्णी सुट्टीत येऊ द्या, परत एकदा मापते, मग आना. मला वाटलं म्हाताऱ्या माणसाची हौस."

तात्या, म्हणजे तुम्हाला माहीत होतं? की नुसती शंका होती? की खरंच हौस होती, मला पुन्हा एकदा ओट्यावर बसवून आकडे ऐकायची? मला हे कधीच कळणार नाही. पण तुम्ही शाळेला थांबवलंत आणि मला नाही विचारलंत. रांगेतल्या कोणासाठी तुम्ही एवढं थांबला नव्हतात, काकूंसाठीसुद्धा नाही. माझ्यासाठी तुम्ही आकडा उघडा ठेवलात, मी येऊन भरीन म्हणून. मी उशिरा आले.

काकूंनी ती लोखंडी पट्टी उचलली आणि तळहातावर तोलली, अगदी तुमच्यासारखी. मग पदराखालून ताणकाटा काढला. येतानाच घेऊन आल्या होत्या. हुकाला पट्टी अडकवली आणि माझ्यापुढं धरला.

"सांग," काकू म्हणाल्या.

"तीनशे वीस."

"त्यांना ऐकू जाऊ दे की."

मी सांगितलं. समोरच्या लिंबावरची चिमणी उडाली तेवढ्यानं. चेअरमननी मान खाली घातली. हेडसर म्हणाले की आता मी पण त्यांच्याबरोबर बीडला यायचं, बल्ब आणि काटा घेऊन, आणि जो उघडून दाखवेल त्याच्याकडूनच घ्यायचं. काकू जाताना काटा ओट्यावर तसाच ठेवून गेल्या. विसरल्या असं मला वाटत नाही.

आता सगळे गेले आहेत. कॅनी उपड्या घातल्या आहेत, त्यांचा आंबूस वास ओट्यापर्यंत येतो. तुमची वही मी कपाटातून काढली. त्या दिवसाचं पान सापडलं. बारा एक, अकरा आठ, अकरा सहा, तुमच्या मोठ्या अक्षरात. तिसऱ्या बल्बासमोर अकरा पाच पेनानं नव्हतं, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

मी ते खोडलं नाही. त्याच्या शेजारी माझ्या पेनानं दहा सात लिहिलं.

मग डबा पुन्हा जोडला आणि तिन्ही बल्ब लावले. पंखा घरघरला, बसला. ऊन तसंच होतं, बल्ब लागलेले दिसत नव्हते. मी पहिल्यापाशी हात धरला. ऊब होती, थोडी कमी. ओट्यावर कोणी नव्हतं, रस्त्यावर कोणी नव्हतं. तरी मी आकडा रांगेतल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल असा सांगितला.